बंद दाराआडचा ऑक्टोबर १७९९: नेपोलियन आणि जोसेफिनच्या संसाराचे एक प्रकरण

१६ ऑक्टोबर १७९९च्या पहाटे जनरल नेपोलियन बोनापार्ट पॅरिसमधल्या आपल्या घरी उतरला तेव्हा घरात बायको नव्हती. इजिप्तच्या मोहिमेवरून तो सतरा महिन्यांनी परतत होता, आणि येतानाच घटस्फोट मनाशी पक्का करून आला होता. रिकामे घर पाहून त्याच्या मनात काय आले असेल याचा अंदाज कुणीही करावा. खरे म्हणजे जोसेफिन त्यालाच सामोरी जायला निघाली होती. तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागल्याचे कळताच तिने मुलीला बरोबर घेऊन ल्योंच्या दिशेने बग्गी पिटाळली. ती गेली बर्गंडीच्या रस्त्याने, तो आला बूर्बोनेच्या रस्त्याने, आणि दोघांची चुकामूक झाली. ती परत येईपर्यंत दोन दिवस गेले, आणि तेवढ्यात सासू, दीर, नणंदा असा सगळा बोनापार्ट गोतावळा घरी येऊन आपापले सांगून मोकळा झाला होता.

१८ तारखेच्या रात्री ती पोचली तर नवऱ्याने खोलीला आतून कडी घातलेली. ती दाराशी रडली, विनवण्या केल्या. आतून उत्तर नाही. शेवटी तिच्या पहिल्या लग्नाची दोन मुले, अठरा वर्षांचा युजेन आणि सोळा वर्षांची ओर्तांस, पुढे झाली. दार उघडले. सकाळी दीर ल्युसियाँ भेटायला आला तो नवरा-बायकोला एकत्र पाहून चाट पडला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, बोनापार्टने सरकार उलथवले, आणि त्या कटात बायकोकडे आलेले काम तिने चोख पार पाडले.

युद्धकाळातले दुरावलेले जोडपे हा ऐतिहासिक प्रणयकथांचा हुकमी विषय, आणि त्यातले हे दार तर सगळ्यांत जास्त वापरले गेलेले. अश्रू, पायऱ्या, मुले, मिठी. यातले काही खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण अश्रूंनी दार उघडले एवढेच सांगून थांबणाऱ्या लेखकाने कागदपत्रे वाचलेली नसतात असे मला वाटते. इथे युद्ध म्हणजे मागे लावलेला पडदा नव्हे. लग्नाच्या दाखल्यापासून टपालापर्यंत, ठेक्यांपासून घटस्फोटाच्या विचारापर्यंत ते या घरात माणसासारखे वावरते.

लग्न कसे लागले

२ मार्च १७९६ला बोनापार्टची इटलीच्या फौजेवर सेनापती म्हणून नेमणूक झाली. ९ मार्चला नोंदणी पद्धतीने लग्न झाले. ११ मार्चला तो मोहिमेवर निघाला. म्हणजे सहवास दोन दिवसांचा. लग्नाला नवरदेव दोनएक तास उशिरा आला. तोवर अधिकारी निघून गेला होता आणि ज्याने लग्न लावले त्याला तो अधिकारच नव्हता. साक्षीदारांपैकी एक अज्ञान, म्हणजे कायद्याने साक्ष द्यायला अपात्र. वधू बत्तीस वर्षांची, वर सव्वीस. दाखल्यात तिने चार वर्षे कमी केली, त्याने दीड वर्ष वाढवले, आणि दोघे कागदावर जवळजवळ समवयस्क झाले. हे जमले कसे? जोसेफिन जन्मली मार्तिनिक बेटावर, आणि ते बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. जन्मदाखला मागवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे प्रतिज्ञापत्रावर भागले. लढाईने दिलेली ही पहिली सवलत.

तिची पूर्वपीठिका लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. सोळाव्या वर्षी अलेक्झांद्र द बोआर्नेशी लग्न, पुढे त्याने टाकले, १७८५मध्ये कायदेशीर विभक्ती. क्रांतीच्या दहशतीत दोघेही तुरुंगात. २३ जुलै १७९४ला नवऱ्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. पाचव्या दिवशी दहशतीचा सूत्रधार रोबस्पिएर याचे डोके उडाले म्हणून हिचे वाचले. बाहेर आली ती दोन मुलांची विधवा, उधारीवर जगणारी, पुढे डिरेक्टरी या पाच जणांच्या सत्ताधारी मंडळात बसलेल्या बारासच्या आश्रयाला. अशा बाईने सहा वर्षांनी लहान, बिनपैशाच्या सेनापतीशी लग्न केले ते प्रेमात आंधळी होऊन नव्हे. करारात दोघांची मालमत्ता वेगवेगळी ठेवलेली आहे. यात मला तरी काही वावगे दिसत नाही. एकदा पोळलेल्या बाईने जे करावे ते तिने केले.

तो मात्र खरोखरच वेडा झाला होता.

एकतर्फी टपाल

नीस गाठण्याआधीपासूनच त्याची पत्रे सुरू झाली, आणि ती आजही वाचणाऱ्याला अवघडायला लावतात. मोंतेनोत, लोदी अशा लढाया जिंकत असताना, १२ एप्रिल ते १० मे या चार आठवड्यांत पीडमाँट गुडघ्यावर आणून ऑस्ट्रियनांना मागे रेटत असताना हा माणूस रात्री तंबूत बसून बायको पत्र का लिहीत नाही म्हणून त्रागा करतो, तिच्या तसबिरीशी बोलतो, मरणाची भाषा करतो, पुढच्या ओळीत माफी मागतो. पॅरिसमध्ये जोसेफिन ही पत्रे पाहुण्यांना दाखवायची. बोनापार्ट मोठा गमतीशीर माणूस आहे असे ती म्हणाल्याचे नाटककार आर्नोने लिहून ठेवले आहे.

इथपर्यंत आलेला वाचक तिच्यावर चिडतो. थांबायला हवे. त्याची पत्रे आपल्याला वाचायला मिळतात कारण ती तिने जपली. १८३३मध्ये ओर्तांसच्या पुढाकाराने ती छापली गेली. तिने त्याला लिहिलेली पत्रे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, कारण त्याने ती ठेवली नाहीत. म्हणजे जिच्यावर बेफिकिरीचा ठपका आहे तिने नवऱ्याचे चिटोरेही सांभाळले, आणि तक्रार करणाऱ्याच्या दप्तरात तिची बाजू नाहीच. ती कमी लिहायची यात शंका नाही. त्याच्या पत्रांतल्या तक्रारी एवढ्या नेमक्या आहेत की तेवढे मान्य करावे लागते. पण किती कमी, काय, कोणत्या सुरात, हे आपण फक्त फिर्यादीच्या तोंडून ऐकतो आहोत. कुठल्याही कज्ज्यात एवढ्यावर निकाल लागत नाही.

शिवाय तिला पाठवायचे नाही असे सरकारनेच ठरवले होते. मेच्या उत्तरार्धात डिरेक्टरीने बोनापार्टला कळवले की पत्नीच्या सहवासाने सेनापतीचे लक्ष विचलित होईल या भीतीने आम्हीच तिला थांबवून धरले होते, मिलान हाती आल्यावर मात्र जाऊ देतो आहोत. तिला स्वतःला जायचे नव्हते हेही खरेच. आपल्याला दिवस गेले आहेत असे तिने कळवले होते, आणि त्यात तथ्य नव्हते. सरकारचे कारण आणि तिचे निमित्त यांची छान सांगड बसली होती, एवढेच.

जूनच्या अखेरीस ती निघाली. गाड्यांच्या त्या ताफ्यात दीर जोझेफ होता, बोनापार्टचा साहाय्यक अधिकारी ज्युनो होता, फोर्त्युने नावाचा तिचा चावरा कुत्रा होता आणि इपोलित शार्ल नावाचा हुजार या हलक्या घोडदळातला एक देखणा, हसरा, विनोदी अधिकारी होता. पुढच्या तीन वर्षांचे सगळे मानकरी एकाच प्रवासात. कादंबरीकाराला हे सुचले असते तर संपादकाने योगायोग म्हणून कापले असते.

मिलानमध्ये सेर्बेल्लोनी राजवाड्यात तिची सोय होती. नवरा दोन-चार दिवस भेटायचा आणि लढाईवर जायचा. जुलैअखेर ती त्याच्या मागे गार्डा सरोवराकडे गेली असताना ऑस्ट्रियनांनी तिच्या गाडीवर मारा केला आणि तिला जीव घेऊन दक्षिणेकडे निघावे लागले. ऐषारामी बाईच्या चित्रात हा तुकडा सहसा घालत नाहीत. नोव्हेंबरात आर्कोलच्या पुलावर तीन दिवस झुंजून, २७ तारखेला तो धावतपळत मिलानला आला, जिना चढून तिच्या खोलीत गेला, तर खोली रिकामी. ती जिनोआला समारंभासाठी गेली होती. त्या रात्रीचे पत्र या सगळ्या पत्रव्यवहारातले सर्वांत थंड आणि म्हणून सर्वांत दुखावलेले आहे. तू सुखी राहा, माझ्यासाठी तुझे कार्यक्रम बदलू नकोस, असा त्याचा भावार्थ. १७९९च्या रिकाम्या घराची ही रंगीत तालीम म्हणता येईल. फरक एवढाच की त्या वेळी तो वाट पाहत राहिला.

घोड्यांचा ठेका

प्रेमकथा लिहिणारे या भागावरून घाईने पुढे जातात, आणि मला तर प्रकरणाची नाडी इथेच सापडते. ल्योंमधली बोदँ नावाची एक कंपनी फौजेला घोडे पुरवण्याच्या ठेक्यात होती. जोसेफिनने वजन वापरून तिला काम मिळवून द्यायचे आणि त्यात आपला वाटा घ्यायचा असा मामला होता. शार्लने लष्कराचा राजीनामा दिला तोही याच धंद्यात शिरला. युद्धकाळात पॅरिसमध्ये पैसा होता तो पुरवठादारांकडे. फौजेला जोडे, दाणावैरण, घोडी विकून लोक गब्बर होत होते. डोक्यावर कर्ज, हाती नवऱ्याचे नाव, आणि घरातल्या पैशाच्या नाड्या दिराकडे, अशा बाईने तिथे हात घातला याचे नवल नाही. पण विकलेली घोडी हाडकुळी निघाली तर बदनामी कुणाची होणार होती? ज्या फौजेने त्यांच्यावर बसायचे तिच्या सेनापतीची.

मार्च १७९८मध्ये जोझेफने भावाच्या कानावर घातले आणि दोघांनी तिला समोर बसवून विचारले: बोदँला ओळखतेस का? ठेका तू मिळवून दिलास का? शार्ल राहतो त्या घरी तू रोज जातेस हे खरे का? तिने सगळे नाकारले. लगेच शार्लला पत्र लिहून कळवले की बोदँला सांग, मला ओळखत नाही म्हणून सांगायचे. आणि सासरच्या मंडळींबद्दलचा तिरस्कारही त्यात ओतला. नवऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवला, किंवा ठेवायचे ठरवले. दोन महिन्यांनी, १९ मेला, तूलाँहून इजिप्तसाठी आरमार निघाले तेव्हा ती धक्क्यावर निरोप द्यायला होती. ती मागाहून येणार असे ठरले होते.

ते का फसले हेही सरळ आहे. मूल व्हावे म्हणून ती प्लाँबिएरच्या औषधी झऱ्यांवर गेली. २० जूनला तिथला लाकडी सज्जा कोसळून ती खाली आदळली आणि कित्येक आठवडे अंथरुणाला खिळली. उठेपर्यंत इंग्रज दर्यासारंग नेल्सनने १ ऑगस्टला अबूकीरच्या खाडीत फ्रेंच आरमार जाळून टाकले होते. आता ठरवूनही जाता आले नसते.

कैरोहून निघालेली पत्रे

पिरॅमिडची लढाई झाली २१ जुलै १७९८ला. त्याच सुमारास ज्युनोने बोनापार्टला शार्लबद्दल काय ते सगळे सांगितले. त्याचा चिटणीस बुरिएन हा प्रसंग पुढे फेब्रुवारी १७९९मध्ये, सीरियाच्या वाटेवर घालतो; पण जुलैची पत्रे हाती असल्याने इथे बुरिएनची आठवण मागे सारावी लागते.

ती दोन पत्रे एकाच दिवसाच्या अंतराची आहेत. पहिले २४ जुलैचे, युजेनने आईला लिहिलेले. तो सावत्र वडिलांचा अंगरक्षक अधिकारी होता, वय सोळा. ज्युनो, बेर्तिए आणि ज्युलियाँ या अधिकाऱ्यांशी बोलणे झाल्यापासून बोनापार्ट फार उदास आहेत, असे तो सांगतो. मग ऐकलेले आरोप जसेच्या तसे मांडतो: शार्ल तुझ्या गाडीतून पॅरिसजवळच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत आला, नाटकाला तुम्ही वरच्या सज्जात एकत्र बसलात, तुझा छोटा कुत्रा त्यानेच दिला. आणि शेवटी म्हणतो की हे सगळे तुझ्या शत्रूंनी रचलेले आहे याची मला खात्री आहे. बोनापार्ट माझ्याशी मात्र पूर्वीपेक्षाही मायेने वागतात, हेही तो आवर्जून लिहितो. मुलाने आईला यापेक्षा शहाणे पत्र लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही: आरोप सांगून सावध करायचे, आणि विश्वास दाखवून तिची लाजही राखायची.

दुसरे २५ जुलैचे, बोनापार्टने भाऊ जोझेफला लिहिलेले. पडदा पुरता फाटला आहे, एकाच माणसाबद्दल सगळ्या भावना मनात साठवल्या की असे होते, मोठेपणाचा कंटाळा आला आहे, एकोणतिसाव्या वर्षीच कीर्ती बेचव झाली, मी येईन तेव्हा पॅरिसजवळ किंवा बर्गंडीत एखादे खेड्यातले घर बघून ठेव, मला एकटे राहायचे आहे. चार दिवसांपूर्वी पिरॅमिडची लढाई जिंकलेला माणूस हे लिहितो आहे.

ही पत्रे पॅरिसला पोचलीच नाहीत. भूमध्य समुद्रात इंग्रजांनी टपालाचे जहाज धरले आणि घरातली भानगड लंडनला पोचली. फौजेची पकडलेली पत्रे तिथे मूळ फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरासह छापून विकली जाऊ लागली आणि वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. नाकेबंदी केलेल्या समुद्रातून पत्र पाठवणे म्हणजे शत्रूलाच पत्र घालणे, हे बोनापार्टला वर्षभरात दोनदा अनुभवायला मिळाले. २५ जानेवारी १७९९ला त्याने कैरोहून श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाला लिहिले की मी लाल समुद्राच्या किनाऱ्याशी आलो आहे, विश्वासू माणूस सुवेझ किंवा कैरोला पाठवा. तेही लाल समुद्राच्या वाटेवर इंग्रजांच्या हाती पडले, आणि ४ मेला श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. एका पत्राने घराची अब्रू गेली, दुसऱ्याने संभाव्य मित्र.

त्याचा हिशेब

आता त्याच्या बाजूचे. १७९८च्या हिवाळ्यात कैरोमध्ये त्याने पोलीन फुरेस या वीस वर्षांच्या आसपासच्या तरुणीला जवळ केले. ती घोडदळातल्या एका लेफ्टनंटची बायको; नवऱ्याबरोबर शिपायाचा पोशाख चढवून इजिप्तला आलेली. नवऱ्याच्या हाती सरकारी खलिते देऊन त्याला फ्रान्सला रवाना करण्यात आले. इंग्रजांनी जहाज पकडले आणि त्या बिचाऱ्याला पुन्हा अलेक्झांड्रियाला आणून सोडले. सगळे माहीत असल्यामुळे मुद्दाम सोडले असे सांगतात, आणि इंग्रजी आरमारी विनोदबुद्धी पाहता ते शक्य वाटते. मग कैरोतच तिचा घटस्फोट उरकण्यात आला.

बोनापार्ट तिला शेजारी बसवून गाडीतून हिंडे तेव्हा गाडीबरोबर घोड्यावरून जाण्याची पाळी अंगरक्षक युजेनवर येई. आईच्या सवतीची पाठराखण. युजेनने बदली मागितली. बोनापार्ट आधी संतापला, मग त्या फेऱ्यांतून त्याला मोकळे केले. याचा उल्लेख मी ऑक्टोबरमधल्या त्या बंद दाराच्या रात्रीसाठी करतो आहे. दाराबाहेर उभे राहून आईसाठी शब्द टाकणारा मुलगा आतल्या माणसाचेही सगळे जाणून होता. शिवाय सीरियाच्या मोहिमेत आक्रच्या वेढ्यात तो जखमी झाला होता. त्याला नाही म्हणणे बोनापार्टला सोपे नव्हते.

पोलीनला मूल झाले नाही. झाले असते तर बोनापार्टने तिच्याशीच लग्न केले असते असे तो बोलून दाखवत असे, असा त्या काळच्या आठवणींत उल्लेख आहे. ऑगस्ट १७९९मध्ये त्याने फौज मागे ठेवून मोजक्या माणसांनिशी ‘म्युइराँ’ जहाजाने फ्रान्स गाठायचे ठरवले, तेव्हा पोलीन मागेच राहिली. युजेनला मात्र बरोबर घेतले.

इकडे जोसेफिनने एप्रिल १७९९मध्ये मालमेझाँची वाडी तीन लाखांहून जास्त फ्रँकना, जवळ पैसे नसताना, घेऊन ठेवली होती. शार्ल तिथे येत-जात असे. डिरेक्टर गोइएने पुढे लिहिले आहे की आपण तिला सल्ला दिला: बोनापार्टशी घटस्फोट घे आणि शार्लशी लग्न कर. तिने ऐकले नाही, केवळ मैत्री आहे म्हणाली. गोइएचा स्वतःचाही तिच्यावर डोळा होता असे म्हणतात, त्यामुळे या सल्ल्याची किंमत ज्याने त्याने ठरवावी. मात्र तिने तो नाकारला हे महत्त्वाचे. शार्लबरोबर हसता येत होते. त्याच्या जिवावर मालमेझाँचे हप्ते फिटणार नव्हते.

दार का उघडले

कायद्याची अडचण नव्हती. २० सप्टेंबर १७९२च्या कायद्याने फ्रान्समध्ये घटस्फोट सोपा झाला होता. परस्पर संमतीने, इतकेच काय स्वभाव जुळत नाहीत या कारणावरूनही मिळत होता. मूलबाळ नव्हते, मालमत्ता वेगळी होती, सासर एकमुखाने विरोधात. म्हणजे जे जे तोडायला लागते ते सगळे जमलेले होते.

विरुद्ध पारड्यात काय होते? फौजेचा सावकार-पुरवठादार कोलो त्या दोन दिवसांत बोनापार्टला भेटला. बुरिएनच्या म्हणण्यानुसार त्याने समजावले की आत्ता सगळ्या फ्रान्सचे डोळे तुमच्यावर आहेत. तुम्ही घरगुती भांडणात पडलात तर लोक तुमच्यात मोलिएरच्या नाटकातला फसलेला नवरा बघतील. बोनापार्ट गरजला की ती या घरात पाऊल टाकणार नाही. कोलो निघताना मनात म्हणाला असणार की एवढा गरजतो आहे त्या अर्थी माफ करणार. हा युक्तिवाद मला निर्णायक वाटतो. इटलीतल्या पत्रांमधला बोनापार्ट दुखावला की रडायचा. १७९९चा बोनापार्ट दुखावला की लोक काय म्हणतील याचा हिशेब करतो. मधे दोन मोहिमा झाल्या होत्या.

दुसरे, त्याला तिची गरज होती. तो फ्रान्सबाहेर असताना पॅरिसमधले सगळे राजकारण तिच्या दिवाणखान्यातून गेले होते. बारास तिचा जुना आश्रयदाता, गोइएच्या घरी तिचे रोजचे जेवण. बोनापार्ट किनाऱ्याला लागल्याची बातमी आली तेव्हाही ती गोइएकडेच जेवत होती. जुने सरदार, नवे श्रीमंत, बँकवाले, सगळ्यांशी तिचे बोलणे. याचा उपयोग काय झाला ते ९ नोव्हेंबरला दिसले. आदल्या रात्री तिने युजेनच्या हाती गोइएला चिठ्ठी धाडली: उद्या सकाळी आठला पत्नीसह नाश्त्याला या. गोइए तेव्हा डिरेक्टरीचा अध्यक्ष होता. तो त्या वेळी घरात अडकला असता तर काम फत्ते. एवढ्या सकाळचे आमंत्रण पाहून त्याला शंका आली, त्याने बायकोला एकटीला पाठवले आणि स्वतः निसटला. योजना अर्धीच साधली, पण कट रचणाऱ्या नवऱ्याने तिच्यावर काय सोपवले होते ते त्यातून कळते.

तिसरे कारण मुले, आणि ते मी खालच्या क्रमांकावर टाकत नाही. वरची दोन कारणे दाराच्या आत बसून सुचण्यासारखी होती. कडी काढायला मात्र निमित्त लागते. स्वतःच्या मानापमानाला धक्का न लावता माघार घेण्याची वाट त्या दोघांनी करून दिली. बायकोला माफ केले म्हणण्यापेक्षा पोरांकडे पाहून माफ केले म्हणणे कुठल्याही नवऱ्याला सोपे जाते, आणि हा तर सेनापती.

आणि प्रेम? होते. नसते तर कडी घालून आत बसायची गरज नव्हती. वकील पाठवला असता.

साक्षीदारांबद्दल दोन शब्द. बुरिएनने आठवणी छापल्या त्या बोनापार्टशी बिनसल्यावर, तीसेक वर्षांनी, आणि त्या लिहायला इतरांचे हात लागले. मादाम द रेम्युसा, जोसेफिनच्या पुढच्या काळातली मानकरीण, त्या रात्री तिथे नव्हती. तिने ऐकले ते जोसेफिनकडून. ती किती वेळ रडली, किती पायऱ्या चढली-उतरली, मोलकरीण काय म्हणाली, सामान खरेच दारवानाच्या खोलीत बांधून ठेवले होते का, हे तपशील मी वापरताना हात राखून वापरीन. चुकलेला रस्ता, बंद खोली, मुलांची मध्यस्थी आणि सकाळी आलेला ल्युसियाँ एवढा सांगाडा मात्र सगळ्यांच्या सांगण्यात टिकतो.

त्यानंतर

कर्ज त्याने फेडले. बुरिएन लिहितो की बारा लाख फ्रँकचे देणे असताना तिने नवऱ्यापुढे सहाच लाखांची कबुली दिली, कारण उरलेला आकडा सांगायची तिची छाती झाली नाही, आणि देणेकऱ्यांची बिले निम्म्यावर आणून प्रश्न मिटवला गेला. शार्लला तिने पुन्हा जवळ येऊ दिले नाही. इथून पुढे भूमिका उलटल्या: वाट पाहणारी, संशय घेणारी, पत्रांसाठी झुरणारी ती झाली, आणि बाहेरख्याली तो. १८०४मध्ये राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री तिने हट्टाने चर्चच्या विधीने पुन्हा लग्न लावून घेतले, कारण १७९६च्या त्या अर्धवट दाखल्यावर तिचा विश्वास नव्हता. तिची भीती खरी होती. डिसेंबर १८०९मध्ये वारसासाठी घटस्फोट झाला, आणि जानेवारी १८१०मध्ये चर्चच्या पॅरिसमधल्या न्यायपीठाने तो धार्मिक विधीही, रीतसर पाद्री आणि साक्षीदार नव्हते म्हणून, रद्द ठरवला.

इपोलित शार्ल १८३७मध्ये वारला. जोसेफिनची पत्रे जाळून टाका असे तो सांगून गेला होता, आणि बहुतेक जाळली गेली. जी पाच वाचली त्यांत बोदँच्या ठेक्याचे आणि जोझेफच्या उलटतपासणीचे ते पत्र आहे. त्या वर्षांतले तिचे मन तिच्याच शब्दांत वाचायचे तर मुख्यतः हाच ऐवज हाती लागतो.